पंक संगीत आणि चित्रफीत

संगीत ही कानांनी ऐकावयाची वस्तू आहे, हे विधान इतके उघड आहे की ते मुद्दाम करण्याच्या फंदात कोणी पडत नाही. आपल्याकडे तर डोळे मिटून ऐकणारा श्रोता हाच खरा जाणकार अशी समजूत आहे, आणि नभोवाणीने या समजुतीला बळकटीच आणली आहे. गाणारा दिसतो कसा, त्याच्या अंगावर काय आहे, तो दिवाणखान्यात बसून गातो आहे की तळघरात, याची चौकशी आमच्या या माध्यमाने कधी केली नाही. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत एक संगीत असे निपजले की, बहुसंख्य लोकांनी ते आधी पाहिले आणि मग ऐकले. कित्येकांनी तर ते नुसते पाहिलेच, आणि ऐकण्याची तसदी न घेता त्याच्याविषयीचे आपले मत कायम करून टाकले. त्या संगीताचे नाव पंक रॉक. जे संगीत डोळ्यांच्या वाटेने जगापुढे आले त्याच्याविषयी नभोवाणीवरून बोलणे थोडेसे विचित्र वाटेल खरे. पण केवळ आवाजावर भिस्त ठेवणाऱ्या माणसालाच चित्राने संगीताला काय दिले आणि त्याच्यापासून काय नेले, हा हिशेब मांडण्याची अधिक हौस असते.

या संगीताविषयी एक कथा रूढ आहे. ती अशी की, पंक हे प्रारंभी शुद्ध, निर्भीड आणि निर्धन होते. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेत गाण्यांच्या चित्रफिती दाखविणारी वाहिनी निघाली, आणि पैसा व चित्र या दोघांनी मिळून त्याला बाटविले. कथा म्हणून ही सोपी आहे, पण इतिहास म्हणून ती टिकत नाही. चित्र या संगीताच्या संगतीला पहिल्या दिवसापासून होते. बदलत गेला तो कॅमेरा धरणारा हात, आणि पाहणाऱ्याने पाहून झाल्यावर काय करावे याविषयीची अपेक्षा. हे कसे घडत गेले ते क्रमानेच पाहिले पाहिजे.

‘पंक’ हा इंग्रजी शब्द जुना आणि हलका आहे. शेक्सपिअरच्या काळी तो वेश्येला लावीत. पुढे अमेरिकेत कवडीमोलाचा उनाड पोर, असा त्याचा अर्थ रुळला. ज्या मंडळींना हे नाव चिकटले त्यांनी ते एखाद्या पदवीसारखे मिरविले. या संगीताची पहिली वस्ती न्यूयॉर्क शहरातील बाउअरी या रस्त्यावर झाली. दारुडे आणि बेघर माणसे यांच्यामुळे बदनाम झालेल्या या रस्त्यावर हिली क्रिस्टल नावाच्या गृहस्थाने १९७३ च्या अखेरीस एक मद्यगृह उघडले आणि त्याला ‘सी. बी. जी. बी.’ हे नाव दिले. कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या तीन अमेरिकन संगीतप्रकारांच्या नावांतून ही अक्षरे जुळविली होती. गंमत अशी की, तेथे हे तिन्ही प्रकार फारसे झालेच नाहीत. क्रिस्टलची अट एकच होती : येथे वाजवावयाचे तर स्वतः रचलेले वाजवा. ज्यांना दुसरीकडे कोणी दारात उभे करीत नव्हते अशा तरुणांना ही अट म्हणजे आमंत्रणच वाटले.

१९७४ च्या ऑगस्टमध्ये तेथे चार तरुणांचा एक संच आला. हे चौघे भाऊ नव्हते, तरी चौघांनीही ‘रमोन’ हे आडनाव धारण केले होते आणि संचाचे नावही ‘रमोन्स’ असेच ठेवले होते. त्यांची गाणी दोन मिनिटांत आटपत. आलाप नाही, वादनाचे कसब नाही, दोन गाण्यांमध्ये उसंत नाही. एप्रिल १९७६ मध्ये त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली; तिच्यावर चौदा गाणी होती आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपत. तबकडीच्या वेष्टनावर चौघेजण विटांच्या भिंतीला टेकून उभे आहेत : चामड्याची जाकिटे, गुडघ्यावर फाटलेल्या विजारी, चेहऱ्यावर बेफिकिरी. हे छायाचित्र काढले रॉबर्टा बेली हिने. ती याच मद्यगृहाच्या दारात प्रवेशाचे पैसे घेण्याचे काम करीत असे. पंकचे जगभर गेलेले पहिले चित्र असे त्याच खोलीतल्या माणसाने काढलेले होते. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

या गाण्यांत असे काय होते की त्यांनी तरुणांना वेड लावावे? याचे उत्तर गाण्यांपेक्षा त्या वेळच्या परिस्थितीत अधिक सापडते. १९७० नंतरच्या वर्षांत रॉक संगीताचा डोलारा फार मोठा झाला होता. जलसे क्रीडांगणांवर होऊ लागले होते. एकेका वादकाचे एकल वादन दहा-दहा मिनिटे चाले. वाद्ये, ध्वनिवर्धक आणि प्रकाशयोजना वाहून नेण्यास मालमोटारींचा ताफा लागे. समोर बसलेल्या पोराला रंगमंचावरचा गायक बोटाएवढा दिसे, आणि आपणही कधी असे वाजवू शकू हा विचार त्याच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते. पंकने हे अंतर नाहीसे करण्याचा पण केला. तीन स्वरमेळ शिका आणि आपला संच काढा, असा उपदेश इंग्लंडमधल्या एका हस्तलिखितवजा पत्रकाने १९७७ च्या आरंभी गिटारीवर बोटे कोठे ठेवावी याच्या तीन आकृत्या काढून केला होता. संगीतशास्त्राच्या दृष्टीने हा उपदेश हास्यास्पद ठरेल. तथापि त्याचा रोख संगीतशास्त्राकडे नव्हताच. ऐकणाऱ्याने उठून वाजविणारा व्हावे, एवढेच त्याला सांगावयाचे होते.

इंग्लंडात या बीजाला तयार जमीन मिळाली. १९७६ साली तेथील बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती, आणि एके काळी जगाला कर्ज देणाऱ्या या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले होते. मात्र पंक हे केवळ बेकारीचे अपत्य होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. लंडनच्या किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लारेन आणि विव्हियन वेस्टवुड या जोडप्याचे कपड्यांचे दुकान होते. फाडलेले, टाचण्यांनी जोडलेले, अंगावर अभद्र मजकूर छापलेले कपडे तेथे विकले जात. या दुकानात येणाऱ्या पोरांतून मॅक्लारेनने ‘सेक्स पिस्टल्स’ हा संच उभा केला, आणि त्याचा पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ रोजी झाला तो एका कलाविद्यालयात. म्हणजे वेष आणि देखावा यांची तयारी गाण्याच्या बरोबरीने चालली होती. पुढे चित्राने पंकला बिघडविले, असे म्हणणाऱ्यांनी या दुकानाची आठवण ठेवणे बरे.

तथापि त्या संगीताचे खरे सामर्थ्य दिसले ते मँचेस्टर येथे. ४ जून १९७६ रोजी तेथील ‘लेसर फ्री ट्रेड हॉल’ या छोट्या सभागृहात पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. तो ठरविणाऱ्या दोघा तरुणांना स्वतःचा ‘बझकॉक्स’ हा संच त्या दिवशी उतरवावयाचा होता, परंतु तयारी न झाल्यामुळे ते साधले नाही. श्रोते मोजके, काही डझन. परंतु त्या मोजक्या श्रोत्यांतील पीटर हुक याने दुसऱ्याच दिवशी जाऊन बास गिटार विकत घेतली, आणि त्यातून पुढे ‘जॉय डिव्हिजन’ हा संच उभा राहिला. बझकॉक्सने उसन्या पाचशे पौंडांवर जानेवारी १९७७ मध्ये आपली चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली; कोणा कंपनीच्या दारात ते गेले नाहीत. त्या संध्याकाळचे मोल कशात होते, हे यावरून कळावे. तेथून घरी गेलेले काहीजण पूर्वीचे श्रोते राहिलेच नाहीत.

आणि मग दूरचित्रवाणी आली. १९७६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस ग्रॅनडा वाहिनीवर टोनी विल्सनच्या कार्यक्रमात पिस्टल्स एकदा दिसले होते. पण त्या दिसण्याने देश हादरला नव्हता. हादरा बसला तो १ डिसेंबर १९७६ रोजी. त्या दिवशी थेम्स दूरचित्रवाणीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात ‘क्वीन’ हा नामांकित संच यावयाचा होता. त्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतले, आणि त्यांच्या जागी त्याच कंपनीच्या पिस्टल्सना बोलाविण्यात आले. मुलाखतकार बिल ग्रंडी याने त्या पोरांना डिवचले. आणखी काही भयंकर बोलून दाखवा, असे आव्हान दिले. आणि त्यांनी ते मनापासून पुरे केले. हा सारा प्रकार दोन मिनिटांच्या आतबाहेर आटपला. तो दिसला फक्त लंडनच्या परिसरात. त्यांत गाणे असे झालेच नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सर्व देशातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर तोच विषय होता. एका मालमोटार-चालकाने संतापून आपला दूरचित्रवाणी संच लाथेने फोडला, अशीही बातमी आली. ग्रंडीला दोन आठवड्यांसाठी कामावरून दूर करण्यात आले, पिस्टल्सच्या ठरलेल्या दौऱ्यातील बहुतेक कार्यक्रम गावोगावच्या नगरपालिकांनी व सभागृहांनी रद्द केले, आणि ई. एम. आय. कंपनीने जानेवारीत त्यांच्याशी केलेला करार मोडला.

येथे इतिहासाचा एक विचित्र विपर्यास दिसतो. ज्या संगीताने ‘तुम्हीही वाजवा’ असे सांगितले, ते संगीत बहुसंख्य लोकांना न वाजताच माहीत झाले. मँचेस्टरला कोणाच्या हातात कॅमेरा नव्हता म्हटले तरी चालेल, आणि तेथून वादक निघाले. लंडनच्या चित्रमंदिरात कॅमेरा ग्रंडीच्या बाजूचा होता, आणि त्यातून निघाला तो गवगवा. यापुढे जो तरुण पंककडे वळे तो पुष्कळदा वृत्तपत्रातील वर्णनाबरहुकूम टाचण्या टोचून येई. नक्कल करण्यास गाणे लागत नाही, चित्र पुरते.

१९७७ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता. नेमक्या त्या वेळी, मे महिन्याच्या अखेरीस, पिस्टल्सनी राष्ट्रगीताचेच शीर्षक घेऊन ‘गॉड सेव्ह द क्वीन’ ही तबकडी काढली. बी. बी. सी. ने ती वाजविण्याचे नाकारले. स्वतंत्र नभोवाणी केंद्रांनाही ती वर्ज्य झाली. काही दुकानदारांनी ती ठेवलीही नाही. असे असून खपाच्या अधिकृत यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली, आणि पहिला क्रमांक तिला मुद्दाम नाकारला गेला असा संशय आजही अनेकांना आहे. नभोवाणीने एखादे गाणे बंद केले म्हणजे ते लोकांच्या कानांआड होते, ही समजूत किती पोकळ आहे हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. १९५२ पासून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा श्रोत्यांनी आपले काटे रेडिओ सिलोनकडे वळविले. आणि अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीलाच त्या श्रोत्यांमागे जावे लागले.

बी. बी. सी. चेही असेच झाले. मे महिन्यात पिस्टल्सना दार बंद करणाऱ्या त्याच संस्थेने जुलैमध्ये त्यांच्या ‘प्रिटी व्हेकंट’ या पुढच्या गाण्याचे चित्रीकरण ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या आपल्या अत्यंत लोकप्रिय साप्ताहिक कार्यक्रमात दाखविले. संच स्वतः तेथे गेला नव्हता. गेली ती त्याची फिल्म. चित्रफितीचा हा गुण तेव्हाच लक्षात यावयास हवा होता. मनुष्य स्टुडिओत आला तर काय बोलेल याचा नेम नसतो. फिल्म मात्र आधी पाहून घेता येते, ती ठरल्या वेळी सुरू होते, ठरल्या वेळी संपते आणि कोणाला शिव्या देत नाही. ग्रंडीला जे साधले नाही ते फिल्मने साधले : पंक दिवाणखान्यात बसविण्याजोगे झाले.

गाण्याचे चित्र काढण्याची कल्पना काही पंकची नव्हती. बीटल्सनी १९६६ मध्ये आपल्याऐवजी आपल्या फिल्म दूरचित्रवाणीकडे पाठविल्या होत्या, आणि क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने १९७५ मध्ये अशा चित्रीकरणाचे महत्त्व कंपन्यांना पटविले होते. परंतु पंकच्या परिवारातही स्वतःचे कॅमेरे होते. लंडनमध्ये जमेकन आईबापांचा मुलगा डॉन लेट्स हा ‘रॉक्सी’ या पंक क्लबात तबकड्या वाजवीत असे. पंकच्या तबकड्याच त्या वेळी इतक्या थोड्या होत्या की, तो आपल्या घरच्या रेगे संगीताच्या तबकड्या लावी, आणि त्यामुळे गोऱ्या पंक तरुणांचे कान कृष्णवर्णीयांच्या संगीताला सरावले. पुढे एप्रिल १९७८ मध्ये वर्णद्वेषाच्या विरोधात लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात हजारोंचा मेळावा भरला आणि ‘क्लॅश’ हा संच तेथे गायिला, त्यामागे या सरावाचाही भाग होता. या लेट्सने एका छोट्या ‘सुपर एट’ कॅमेऱ्याने क्लबातील कार्यक्रम टिपले. त्या कॅमेऱ्याच्या एका रिळात जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि पंकचे गाणेही तेवढेच असे. या तुकड्यांतून १९७८ मध्ये ‘द पंक रॉक मूव्ही’ हा चित्रपट तयार झाला. चित्रे हलतात, अंधार फार आहे, आवाज फुटतो. पण पाहणाऱ्याला आपण गर्दीत उभे आहोत असे वाटते. तिकडे अमेरिकेतील ॲक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावी ‘डीव्हो’ या संचानेही १९७६ मध्येच, कोणतीही कंपनी पाठीशी नसताना, चक स्टॅटलर याच्याकडून आपला लघुपट करून घेतला होता. चित्र आणि बंड यांचे वैर होते, हे म्हणणे या माणसांसमोर टिकत नाही.

१ ऑगस्ट १९८१ रोजी मध्यरात्री अमेरिकेत एम. टी. व्ही. ही वाहिनी सुरू झाली. चित्रफितीने नभोवाणीच्या ताऱ्याला मारले, अशा अर्थाचे शीर्षक असलेले ‘बगल्स’ या संचाचे गाणे तिने सर्वप्रथम दाखविले. या वाहिनीची यंत्रणा साधी होती. चित्रफीत काढण्याचा खर्च ध्वनिमुद्रण कंपनीने करावयाचा, वाहिनीला ती फुकट द्यावयाची, आणि वाहिनीने ती अहोरात्र दाखवून मधून मधून जाहिराती विकावयाच्या. म्हणजे कार्यक्रम हीच एक जाहिरात होती आणि दोन जाहिरातींच्या मध्ये तिसरी दाखविली जाई. प्रारंभी वाहिनीजवळ फितींचा साठा तोकडा होता. ज्यांच्याजवळ तयार फिती होत्या अशा ब्रिटिश संचांचे त्यामुळे फावले. त्यांत पंकच्या कुळातील, पण केस नीट विंचरलेली आणि वाद्ये सफाईने वाजविणारी ‘न्यू वेव्ह’ मंडळी पुष्कळ होती. नभोवाणी केंद्रे ज्यांना विचारीत नव्हती असे संच त्यामुळे लहान लहान गावांतून माहीत झाले, हे श्रेय वाहिनीला दिलेच पाहिजे. परंतु फीत काढण्यास पैसा लागे. पैसा कंपनीजवळ असे. आणि ज्यांना कंपनी नव्हती त्यांच्यासाठी पडदा अंधाराच राहिला.

क्लॅशचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. गायकांनी ध्वनिमुद्रणावर केवळ ओठ हलवावयाचे, हा प्रकार नापसंत असल्यामुळे या संचाने ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर जाण्याचे कायम नाकारले होते. तेच क्लॅश आपला जुना मित्र डॉन लेट्स याच्या कॅमेऱ्यापुढे मात्र आनंदाने उभे राहत. १९७९ च्या डिसेंबरात, पावसाच्या रात्री, टेम्सच्या धक्क्यावर त्याने केलेले ‘लंडन कॉलिंग’चे चित्रीकरण आजही अंगावर गारठा आणते. १९८२ मध्ये त्यानेच टेक्ससमध्ये ‘रॉक द कसबा’ या गाण्याची फीत काढली. एम. टी. व्ही. ने ती वारंवार दाखविली आणि ते गाणे अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेले. क्लॅशला एवढे यश तेथे पूर्वी मिळाले नव्हते. त्या गाण्याची चाल मूळची संचाचा ढोलवादक टॉपर हेडन याची. ध्वनिमुद्रणात ढोल, पियानो व बास ही तिन्ही वाद्ये त्यानेच वाजविली आहेत. पण चित्रीकरणापूर्वीच त्याला संचातून काढून टाकले होते, आणि फितीत ढोलामागे दुसराच मनुष्य बसलेला दिसतो. अमेरिकेतील लक्षावधी घरांत जे गाणे पोहोचले, त्याचा कर्ता त्या चित्रात नाही. कानांना जो ऐकू येतो तो डोळ्यांना दिसत नाही आणि जो दिसतो तो वाजवीत नाही, हा चित्रफितीचा स्वभाव इतका स्पष्ट क्वचितच दिसला असेल.

या स्वभावाला विरोध करणारेही निघाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेड केनेडीज’ने १९८५ मध्ये या वाहिनीला नाव घेऊन झोडपणारे गाणेच केले. मिनिआपोलिसच्या ‘रिप्लेसमेंट्स’ या संचाने कंपनीच्या आग्रहास्तव ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ या गाण्याची फीत काढली, पण तिच्यात संच नाहीच. काळ्यापांढऱ्या चित्रात जवळजवळ सारा वेळ फक्त एक ध्वनिक्षेपक दिसतो. त्यातून गाणे वाजते, एक तरुण बाजूला बसून ऐकतो, आणि शेवटी तो ध्वनिक्षेपक लाथ मारून पाडतो. पाहावयास बसलेल्या माणसाला ऐकण्याची शिक्षा देणारी ही फीत आम्हां नभोवाणीवाल्यांना विशेष जवळची वाटावी. वॉशिंग्टनच्या इयन मॅके याने तर प्रश्नच मिटविला. त्याच्या ‘फुगाझी’ या संचाने जाहिरातीसाठी चित्रफीत काढलीच नाही, तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवले, आणि आपल्या तबकड्या स्वतःच्याच संस्थेकडून काढल्या.

परंतु पंकचा महापूर आला तो या नकारांतून नव्हे. २४ सप्टेंबर १९९१ रोजी ‘निर्वाना’ या संचाची ‘नेव्हरमाइंड’ ही तबकडी निघाली. कंपनीची अपेक्षा बेताची होती. प्रथम पन्नास हजारांच्या आतच प्रती बाजारात पाठविल्या गेल्या. त्याच आठवड्यात ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गाण्याची फीत एम. टी. व्ही. ने रात्री उशिराच्या कार्यक्रमात दाखविली, आणि थोड्याच दिवसांत ती दिवसाउजेडी वारंवार दिसू लागली. जानेवारी १९९२ मध्ये या तबकडीने मायकेल जॅक्सनची तबकडी मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. ती फीत सॅम्युएल बेयर याने कॅलिफोर्नियातील एका स्टुडिओत काढली होती. शाळेच्या व्यायामशाळेचा देखावा उभारला होता, आणि बाकांवर बसविण्यासाठी त्या संचाच्या चाहत्यांनाच बोलाविले होते. तासन् तास त्यांना बसवून ठेवण्यात आले. शेवटी कंटाळलेल्या पोरांना खाली उतरण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा त्यांनी तो देखावा खरोखरच मोडून टाकला. कॅमेरा चालू राहिला. फितीचा जो भाग सर्वांच्या स्मरणात राहिला तो हाच. ज्या क्षणी प्रेक्षकांनी प्रेक्षक असण्याचे नाकारले, तो क्षण चित्रित होऊन कोट्यवधी प्रेक्षकांना घरबसल्या पाहावयास मिळाला. गायक कर्ट कोबेन याला ही प्रसिद्धी पेलली नाही. एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने स्वतःचा अंत करून घेतला. त्याच्या दुःखाची कारणे अनेक होती, आणि ती सारी चित्रफितीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु आपल्याला पाहणारे हे लोक कोण, हा प्रश्न त्याला अखेरपर्यंत छळीत होता.

त्याच वर्षी ‘ग्रीन डे’ची ‘डूकी’ ही तबकडी निघाली. तिच्यातील एका गाण्याची फीत ते राहत होते त्या बर्कली गावच्या घरातल्या तळघरातच काढलेली आहे. एकट्या अमेरिकेत या तबकडीच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. पण बर्कलीत गिलमन स्ट्रीटवर जो स्वयंसेवकांनी चालविलेला क्लब होता आणि जेथे हा संच लहानाचा मोठा झाला, त्याचा नियम असा होता की, मोठ्या कंपनीशी करार करणाऱ्याला येथे जागा नाही. ज्या दिवशी जगाने त्यांना आपले म्हटले त्या दिवशी घरचे दार बंद झाले होते. आणि ज्यांच्यापासून ही परंपरा निघाली त्या रमोन्सच्या पहिल्या तबकडीला पाच लाख प्रतींच्या खपाचे सुवर्णपदक मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. तोवर संचाच्या मूळ चौघांपैकी तिघे निवर्तले होते, आणि चौथाही त्याच वर्षी गेला. त्यांचे चिन्ह छापलेले सदरे मात्र त्यांचे एकही गाणे न ऐकलेले तरुण जगभर घालीत होते.

आपल्या देशात एम. टी. व्ही. उपग्रहाच्या मार्गाने आली ती याच १९९१ साली. त्यामुळे मुंबई-पुण्यातील ज्या तरुणांना पंकचे वेड लागले त्यांच्यापैकी अनेकांनी ना बाउअरी पाहिली होती, ना मँचेस्टरचे सभागृह. त्यांनी पाहिली ती फीत. ज्यांच्या गावात असा क्लब नव्हता, ज्यांच्या बाजारात अशी तबकडी येत नव्हती, त्यांना चित्रफितीने एक खिडकी उघडून दिली, हे विसरून तिला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. खिडकीतून पाहून काहीजण पुन्हा आपल्या जागी बसले, आणि काहींनी गिटार विकत घेतली. बसणारे पुष्कळ, उठणारे थोडे. पण मँचेस्टरलाही सगळे कोठे उठले होते?

म्हणून अखेरचे उदाहरण मी मॉस्कोचे घेतो. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘पुसी रायट’ या गटातील काही तरुणी रंगीत बुरखे घालून तेथील मोठ्या कॅथीड्रलमध्ये शिरल्या आणि त्या वेळचे पंतप्रधान पुतिन यांच्याविरुद्धचे एक पंक गाणे म्हणू लागल्या. रक्षकांनी त्यांना मिनिटाभरातच बाहेर काढले. प्रत्यक्ष हजर असलेल्यांना गाणे असे धड ऐकूही आले नाही. त्यांच्या सोबत्यांनी टिपलेल्या दृश्यांना ध्वनिमुद्रण जोडून त्याच दिवशी जी चित्रफीत इंटरनेटवर प्रसृत झाली, ती जगाने पाहिली. त्या फितीपायी तिघींवर खटला झाला आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकीला दोन वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. एकीची पुढे अपिलात सुटका झाली. उरलेल्या दोघी डिसेंबर २०१३ पर्यंत तुरुंगात होत्या. या फितीत तबकडी विकण्याचा हेतू नव्हता, कंपनी नव्हती, वाहिनीची मेहेरबानी नव्हती. गाणेच फितीत जन्मले होते, तरीही १९७६ च्या पोरांनी त्याला आपले म्हणून सहज ओळखले असते. त्या वेळी ग्रंडीच्या दोन मिनिटांबद्दल ग्रंडीलाच दोन आठवडे घरी बसावे लागले. या मिनिटाबद्दल गाणाऱ्यांना तुरुंग भोगावा लागला.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्या साधनासाठी डॉन लेट्सला रिळे जपून वापरावी लागत, ते शाळकरी पोराच्याही हाती आले आहे, आणि एम. टी. व्ही. चे ते एकछत्री राज्य राहिलेले नाही. सी. बी. जी. बी. चे दार २००६ साली कायमचे बंद झाले. तेव्हा चित्राने पंकला मारले की तारले, हा वाद आता पुरे करावा हे बरे. तीन स्वरमेळांच्या त्या ओबडधोबड आकृत्या हेही एक चित्रच होते. ते पाहून पोरे वाजवावयास लागली. एखादे चित्र पाहून झाल्यावर आपण उठलो की तेथेच बसून राहिलो, हे ज्याने त्याने आपल्यापुरते तपासून पाहावे. आणि हे तपासताना ते गाणे एकवार डोळे मिटून ऐकले तर त्यात नुकसान काहीच नाही.